गाय मागे, शेळ्या पुढे

१६ ऑक्टोबर, सकाळचे सात. शेळ्यांचे खूर कापायचं काम काढलं होतं. सहा शेळ्या, चोवीस पाय. डोंगरात चरणाऱ्या शेळीचे खूर दगडावर आपोआप झिजतात. बागेतल्या शेळीचे झिजत नाहीत. ते वाढतात, आत वळतात, मग शेळी लंगडते, आणि मग कुणीतरी बागेच्या ऑफिसात जाऊन सांगतं की ती बाई जनावरांना मारते.

पाच शेळ्या झाल्या होत्या. सहावी गाभण होती, विण्याला दहा-बारा दिवस उरलेले, म्हणून तिला मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. अशा शेळीला आडवं पाडायचं नसतं. भिंतीला टेकवून उभं करायचं, एकेक पाय उचलायचा आणि ती कंटाळायच्या आत कातरी चालवून सोडायचा. तीन पाय झाले. चौथा, मागचा डावा, हातात घेतला आणि कुंपणापलीकडून आवाज आला.

"अहो, ऐकलंत का?"

शेळीने पाय झटकला आणि ती गेली कोपऱ्यात.

समोरच्या टॉवरमधल्या बायकांचा ग्रुप होता. रोज सकाळी बागेत चालायला येतात. त्यांच्या पुढारी एक निवृत्त मुख्याध्यापिका. सगळ्या त्यांना मॅडम म्हणतात, मीही म्हणते. कुंपणाबाहेरच्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

"उद्या वसुबारस," मॅडम म्हणाल्या.

"माहीत आहे."

"आम्ही तीसेक जणी येऊ. सकाळीच. संध्याकाळी सुनांना जमत नाही. गाय-वासरू जरा पुढे बांधून ठेवा. आणि धुऊन घ्या. मागच्या वर्षी शेपटीला शेण होतं."

"उद्या गाय पुढे नसेल."

"नसेल म्हणजे? रजेवर आहे का?"

मागच्या दोघी हसल्या.

"मागच्या वर्षी तुम्ही पुरणपोळ्या घातल्यात. तिचं पोट फुगलं. घशातून नळी घालावी लागली."

"पुरणपोळीने गाय आजारी पडते हे नवीनच ऐकतेय. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या घालतात."

"घरची गाय, घरची एक पोळी. इथे गाय एक आहे आणि घरं तीस."

"देवाच्या कामात असं मोजतं का कुणी?"

"मी मोजते. शेण मी काढते."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात उशिरा आलेल्या पोरीकडे बघतात तसं. "तुमच्याशी बोलून उपयोग नाही. सुपरवायझरशी बोलते," म्हणाल्या आणि ग्रुप पुढे गेला. गाभण शेळीचा चौथा पाय राहिला तो राहिला. मी कातरी पुसली आणि ठेवून दिली.

या बागेच्या मागच्या कोपऱ्याला 'गावाकडे' अशी पाटी आहे. तिथे सिमेंटची बैलगाडी आहे, सिमेंटचा शेतकरी आहे आणि कोरडी विहीर आहे, तिच्यात लोक बाटल्या टाकतात. खरं म्हणाल तर फक्त जनावरं खरी: एक गाय, तिचं वासरू, सहा शेळ्या, डझनभर कोंबड्या. आधी मी नेरे गावात एका पोल्ट्रीवर बारा वर्षं काम केलं. ती जागा फार्महाऊसवाल्यांनी घेतली, तेव्हा इथे आले. पोल्ट्रीवर कोंबडीला कुणी माया करत नव्हतं, आणि कोंबडी मरायची ती रोगाने. इथे सगळे माया करतात. वेफर्स घालतात, केक घालतात, वासराच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात. पहिल्याच वर्षी एका कोंबडीच्या पोटातून मी फुग्याचा रबर काढला. त्या दिवसापासून मला माणसांच्या प्रेमाची भीती वाटते आणि मी ती लपवत नाही. म्हणून बागेत माझं नाव चांगलं नाही.

गाय इथे व्याली त्या सकाळी वासराला पायांवर नीट उभं राहता येत नव्हतं. आणि फाटकाशी स्टीलचे डबे घेऊन आठ बायका उभ्या होत्या. खरवसासाठी चीक हवा होता. वासराचं पोट भरल्याशिवाय एक थेंब मिळणार नाही, असं मी सांगितलं. एकीने विचारलं, "तुम्ही स्वतःच घरी नेता का सगळा?" मी म्हटलं, "हो, आंघोळ करते त्याने." तेव्हापासून ती बाई माझ्याशी बोलत नाही. तिची आठवण मी काढत नाही.

तर १६ तारखेला दुपारी सुपरवायझर आला. तिशीचा माणूस, कुणाला नाही म्हणता येत नाही हा त्याचा धंदाच.

"ताई, एक दिवसाचा प्रश्न आहे. त्यांची तक्रार वरपर्यंत जाते."

"गाय मेली तर ती कुठपर्यंत जाईल?"

"तुम्ही टोकाचं बोलता."

"गाय मी मागच्या शेडमध्ये नेतेय. तुम्ही त्यांना सांगा, तिला बरं नाही."

"खोटं सांगू?"

"उद्या नाही सांगितलंत तर परवा खरं सांगावं लागेल."

तो मान हलवून गेला. त्याची मान दोन्ही दिशांना सारखीच हलते, त्यामुळे होकार की नकार ते कळत नाही.

संध्याकाळी गाय आणि वासरू मी मागच्या शेडमध्ये नेऊन बांधलं. हे शेड म्हणजे कंपाउंडच्या भिंतीला लागून टाकलेले पत्रे. पुढच्या रस्त्यावरून दिसत नाही. गाईची पुढची जागा रिकामी दिसू नये म्हणून शेळ्या तिथे सोडल्या. मला वाटलं, फारच चांगली व्यवस्था झाली. गायीचं पोट वाचवायचं एवढंच माझ्या डोक्यात होतं. शेळीची पूजा कुणी करत नाही, म्हणून शेळीचा विचार मी केलाच नाही.

ही माझी चूक. पुढे जे झालं त्यात बाकीच्यांचा वाटा मोठा असला तरी हा वाटा माझा आहे, आणि तो मी दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकलेला नाही.

१७ तारखेला सकाळी सहापासून मी मागच्या शेडच्या दाराशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. हातात काठी होती. कुणीतरी मागून वळसा घालून येईल अशी माझी खात्री होती. गेल्या वर्षी एक जण सायकलस्टँडकडून आली होती. गाय निवांत रवंथ करत होती. साडेसातच्या सुमाराला पुढून बांगड्यांचा आणि बोलण्याचा आवाज आला, मग घंटी, मग आरती. मी उठले नाही. म्हटलं, करू दे गाय नसलेल्या गोठ्याची आरती, आणि जाऊ दे घरी. थोडं समाधानही वाटलं. आवाज बराच वेळ चालू होता. मग बंद झाला. गेल्या बहुतेक, असं मला वाटलं.

साडेनऊला मी पुढे आले.

शेळ्यांच्या पायाशी केळीची पानं पडली होती. प्रत्येक पानावर हळदकुंकू. त्यांवर काय काय होतं ते आता सांगते, कारण ते मी हाताने उचललं. पुरणपोळ्या, बाजरीच्या भाकऱ्या, गवारीची भाजी, भिजवलेले हरभरे, गुळाचे खडे, भाताची मूद. उचलायला फारसं उरलं नव्हतं. पाच शेळ्या कडेकडेने चाटत होत्या. गाभण शेळी मधोमध उभी होती, शिंगाने बाकीच्यांना बाजूला ढकलत. कळपात पुढारी तीच आहे. तिच्या कपाळावर कुंकवाचं बोट होतं.

नेऱ्याहून चारा आणणारे काका टेम्पोतून पाला उतरवत होते. सत्तरीचे आहेत. आठवड्यातून तीनदा सुबाभळीचा आणि फणसाचा पाला आणतात. मी विचारलं, "काका, तुम्ही इथेच होतात ना?"

"होतो, बाय. आमी बोललो त्यांना, ही शेली हाय, गाय नाय. मना बोलल्या, पाला टाक नि जा."

"मग?"

"मग ती मोठी बाई बोलली, नैवेद्य परत घरी न्यायचा नसतो. गाय नाय तर नाय. ही पण दूध देते, पोटुशी हाय, चालतंय. भाव महत्त्वाचा. मग सगल्यांनी वतलं."

"आणि सुपरवायझर?"

"तो होता ना. तेनी दार उघडून दिलं. नारळ फोडला तेनी."

मी तिथेच उभी राहिले. नैवेद्य परत नेत नाहीत. हे मला लहानपणापासून माहीत होतं. माझ्या घरीही नेत नाहीत. गाय लपवली म्हणजे ताट भरलेलंच परत जाईल असं मी धरून चालले होते, पण ताट कधीच भरलेलं परत जात नाही. ते कुठेतरी रिकामं होतं. कुठे, हे आधी मी ठरवायला हवं होतं.

उरलेलं सगळं झाडून बादलीत भरलं. पाणी बंद केलं, कारण धान्य खाल्लेल्या शेळीने वर पाणी प्यायलं की पोटात आंबवण जोरात सुरू होतं. पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, खायचा सोडा कोमट पाण्यातून सगळ्यांना पाजा, घाई करू नका, श्वासनलिकेत जाईल, आणि जिने जास्त खाल्लं असेल तिच्यावर लक्ष ठेवा. काकांनी एकेक शेळी पायांत धरली, मी बाटलीने सोडा पाजला. पाच शेळ्यांना ढेकर आले. सहावी चालायला तयार नव्हती.

बाराला तिची डावी कूस फुगली. बोटाने टिचकी मारली की ढोलासारखा आवाज. दात खात होती. रवंथ थांबलेला. लेंड्या जाऊन पातळ हागली, आणि त्याला ताक नासल्यासारखा वास. मी काकांना म्हटलं, "टेम्पो काढा."

"यो काय बोलेल?" काकांनी ऑफिसच्या दिशेने मान केली.

"काही बोलेल. तुम्ही काढा."

सुपरवायझर फाटकात आडवा आला. "ताई, जनावर बाहेर न्यायला परवानगी लागते. अर्ज..."

"अर्ज तुम्ही लिहा. काय खाल्लं, कुणी घातलं, दार कुणी उघडलं. परत आल्यावर मी सही करते."

तो बाजूला झाला.

एसटी स्टँडच्या पुढे दिवाळीच्या खरेदीची गर्दी होती. आकाशकंदिलांची दुकानं रस्त्यावर आलेली, रिक्षा तिरक्या लागलेल्या. मी टेम्पोत मागे शेळीचं डोकं मांडीवर उंच धरून बसले होते, डोकं खाली गेलं की फुगलेलं पोट फुफ्फुसावर येतं. एक रिक्षावाला ओरडला, "मावशी, बोकड कितीला?" काकांनी पुढून त्याला जे उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही, पण बरोबर होतं.

डॉक्टरांनी नळी घातली. आंबट हवा सुटली, फेस आला. शिरेतून औषध दिलं. कान, डोळे, हिरड्या पाहिल्या. पोटावर बराच वेळ हात ठेवला.

"हिला वाचवता येईल असं वाटतंय. पिल्लांचं सांगता येत नाही. किती दिवस बाकी होते?"

"दहा-बारा."

"हं." त्यांनी हात धुतले. "आणखी एक. अशा जनावराचे खूर पुढे गरम होतात, आतून सुजतात. रोज हात लावून बघा. गरम लागले तर लगेच फोन करा. हे सगळं काय खाल्लं हिने?"

"नैवेद्य."

ते हसले नाहीत. म्हणाले, "आज सकाळपासूनची ही तिसरी केस. बाकी दोन गाई आहेत."

चारच्या सुमाराला, बागेत परत आणून शेडमध्ये निजवल्यावर, तिने कळा द्यायला सुरुवात केली. गाय दोन हात अंतरावर उभी राहून बघत होती. पहिलं पिल्लू मी ओढून काढलं, तोंडातलं पुसलं, मागचे पाय धरून उलटं झुलवलं, छाती चोळली. काही नाही. दुसऱ्याने एकदा तोंड उघडून हवा घेतली. एकदाच. मी त्याला पेंढ्याने घासत राहिले. काका म्हणाले, "बाय, सोड आता." मी आणखी थोडा वेळ घासलं आणि मग सोडलं. दोन्ही माद्या होत्या. अंगावर केस पुरते आलेले नव्हते.

शेळीने वळून त्यांना चाटलं. चाटू दिलं. शेळीला चाटल्याशिवाय कळत नाही. मग तिने तोंड फिरवलं तेव्हा मी पिल्लं उचलली. अंधार पडायच्या आत कंपाउंडच्या भिंतीशी दोन हात खोल खड्डा खणला, मीठ टाकलं आणि वर दगड ठेवले, कुत्री उकरतात म्हणून. सकाळची नैवेद्याची बादलीही तिथेच होती. ती मी खड्ड्यात ओतली नाही.

सुपरवायझर जाताना डोकावला. "शेळी बरी आहे ना? झालं तर मग. ताई, सणाचे दिवस आहेत. हे बाहेर नको."

"अर्ज लिहिलात?"

तो म्हणाला, उद्या. मी शेडमध्ये शेळीजवळ साडेसातपर्यंत बसले, तिने दोन पानं पाल्याची तोंडात घेतली ते बघितलं, आणि घरी गेले. घरी भाकरी होती. खाल्ली.

दुसऱ्या दिवशी, धनत्रयोदशीला, सकाळी साडेसहाला आले. शेळी उभी होती. कूस बसली होती. थानं मात्र तट्ट भरली होती, आणि प्यायला कुणी नव्हतं. न काढता ठेवलं तर कास सुजते, म्हणून पितळी गंजात चीक काढायला बसले. निम्मं झालं असेल, कुंपणापलीकडे चपलांचा आवाज थांबला.

मॅडम होत्या. एकट्याच. हातात स्टीलचा डबा.

"शेळी व्याली म्हणे. आमच्या बाल्कनीतून टेम्पो दिसला काल," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा मऊ. "शेळीचा चीक लहान मुलांना फार चांगला. नातवाला छातीचा त्रास आहे. थोडा मिळेल का? पिल्लांचं आधी, अर्थात. तुमचा नियम माहीत आहे मला."

"पिल्लं नाहीत. दोन होती. दोन्ही गेली."

डबा खाली आला.

"कशाने?"

"काल जे खाल्लं त्याने."

त्यांनी डबा दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाल्या, "तुम्ही गाय लपवलीत म्हणून झालं हे. गाय पुढे असती तर शेळीच्या वाटेला कोण गेलं असतं? गाय मोठी असते, तिला काही झालं नसतं."

"गेल्या वर्षी झालं होतं."

"मरायला तर नव्हती टेकली!"

"नाही. पण तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ताटं कुठे रिकामी करायची ते मी सांगायला हवं होतं."

मी भांडण वाढवीन असं त्यांना वाटलं असावं. त्या तयारीने उभ्या होत्या. मी वाढवलं नाही, तेव्हा त्यांना काय करावं ते कळेना. "मी मुद्दाम केलं का?" त्या म्हणाल्या. "भावाने केलं. उपाशीपोटी केलं."

"हो. शेळी मात्र उपाशी नव्हती."

"चीक..."

"हिला औषधं चालू आहेत. हा ओतून द्यायचाय. नातवाला देऊ नका."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, उघडलेलं नसताना, आणि गेल्या. सॉरी म्हणाल्या नाहीत. मीही वाट बघितली नाही. मला त्या आवडत नव्हत्या. अजून आवडत नाहीत.

चीक मी नारळाच्या मुळाशी ओतला. मग शेळ्या मागच्या शेडमध्ये नेल्या आणि गाय-वासरू पुढे आणून बांधलं, कुंपणापासून दोन हात आत, माणसाचा हात पोचणार नाही अशा बेताने. पुढच्या फाटकाला माझं कुलूप घातलं. किल्ली ऑफिसात दिली नाही, कमरेला लावली. फाटकाबाहेर झाकण नसलेलं मोठं घमेलं ठेवलं, आणि पुठ्ठ्यावर लिहून लावलं: 'गाईचा नैवेद्य यात ठेवावा. तिच्या पोटाला झेपेल तेवढा रोज घातला जाईल.' पाडवा यायचा होता. ताटं येणारच होती. कालची बादली मी त्या घमेल्याशेजारीच ठेवली, उघडी, मुंग्यांसकट. ताट ओतायला येणाऱ्याला दिसावी म्हणून.

आठला काका आले. मी त्यांना शेळीची शिंगं धरायला सांगितली. तिचे चारही खूर एकेक करून मुठीत धरले. थंड होते, चारही. मागचा डावा तेवढा वाढलेला, टोकाशी आत वळलेला. तिला भिंतीला टेकवून उभं केलं आणि तो कापला.